फुंकेतला आकडा ४२, मुलगा मात्र मैदानात पळतोय: पंपाचा डोस वाढवायचा का?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा ९ वर्षांचा. लहानपणापासून छातीत घरघर, सहाव्या वर्षी दम्याचं निदान. गेलं वर्षभर बुडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मधली प्लास्टिकची नळी) लावून चालू आहे, १०० मायक्रोग्रॅम सकाळी आणि १०० रात्री. गेल्या दोन महिन्यांत धाप नाही, रात्रीचा खोकला नाही, फुटबॉल जोरात चालू. नाक मात्र कायम चोंदलेलं. उठल्या उठल्या सटासट शिंका, आणि झोपतो तो तोंड उघडं ठेवून. मागच्या आठवड्यात त्याची ‘फेनो’ नावाची फुंकण्याची चाचणी झाली, आकडा ४२ आला. त्याच दिवशी केलेली स्पायरोमेट्री मात्र नॉर्मल. डॉक्टरांनी पंपाचा डोस दुप्पट करायला सांगितलं आहे. आई विचारते, मुलगा ठीक दिसतोय तर डोस का वाढवायचा, आणि एकाच दिवशीच्या दोन चाचण्या दोन वेगळ्या गोष्टी कशा सांगतात?

आधी सरळ उत्तर देते. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून, नुसत्या ४२ या आकड्यासाठी मी या मुलाचा डोस वाढवला नसता. पण आकडा बाजूलाही टाकला नसता. आधी त्याचं नाक नीट तपासलं असतं, पंप माझ्यासमोर घ्यायला लावला असता, आणि गेल्या वर्षभराची हकीकत खोदून विचारली असती. तुमच्या डॉक्टरांनी मुलाला प्रत्यक्ष पाहिलं आहे, मी पाहिलेलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं त्यांच्याशी बोलताना हाताशी असावं म्हणून वाचा. पंप स्वतःहून कमी किंवा बंद करू नका, एवढं मात्र नक्की.

दोन चाचण्या दोन गोष्टी सांगतात, कारण त्या मोजतात दोन वेगळ्या गोष्टी. स्पायरोमेट्री नळ्या किती मोकळ्या आहेत ते मोजते: मूल जोर लावून, एका झटक्यात किती हवा बाहेर टाकू शकतं. फेनो त्या नळ्यांच्या आतल्या अस्तराला किती सूज आहे ते मोजते, आणि तीही सगळी सूज नाही, ॲलर्जीच्या जातीची सूज. घराच्या पाइपाची उपमा देते. पाण्याचा जोर चांगला आहे म्हणून पाइप आतून गंजलेला नाही, असं म्हणता येत नाही. आणि आतून थोडा गंज दिसला म्हणून आज पाणी कमी येतंय, असंही नाही.

दम्यात नळ्या आवळतात आणि सुटतात. दोन त्रासांच्या मधल्या काळात बहुतेक मुलांची स्पायरोमेट्री चांगलीच येते. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दमा नाहीच’ असं कुणी म्हणालं तर ते मानू नका. ही चाचणी खरं बोलते ती त्रासाच्या दिवसांत. तेव्हा फुंकर मारून घ्यायची, स्पेसरमधून सालब्युटामॉल हे नळ्या मोकळ्या करणारं तातडीचं औषध द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के किंवा जास्त वाढली, तर दम्याच्या बाजूने चांगला पुरावा मिळाला.

आता फेनो. आपण बाहेर सोडतो त्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात असतो, हे स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९९१ साली दाखवलं. दोनच वर्षांत तिथेच दिसलं की दमेकऱ्यांच्या श्वासात तो जास्त असतो. ॲलर्जीची सूज चढली की श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशी हा वायू बनवणारं एक विकर (एन्झाइम) जास्त तयार करतात. स्टिरॉइडचा पंप नियमित आणि नीट घेतला की ते विकर दबतं आणि आकडा काही दिवसांत ते काही आठवड्यांत खाली येतो. सालब्युटामॉलने, म्हणजे तातडीच्या पंपाने, नळी सुटते, पण सूज तशीच राहते. म्हणून नुसत्या तातडीच्या पंपावर दिवस काढणाऱ्या मुलाला आराम वाटतो आणि आकडा मात्र वरच असतो.

आकडा ‘पीपीबी’मध्ये येतो, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे किती भाग. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या आजारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ढोबळ टप्पे दिले: २० च्या खाली कमी, ३५ च्या वर जास्त, मधलं सगळं करडं, म्हणजे नक्की सांगता न येणारं. या हिशेबात तुमच्या मुलाचा ४२ जास्तच्या खान्यात पडतो. ब्रिटनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही ५ ते १६ वर्षांच्या मुलात दम्याची लक्षणं असतील आणि फेनो ३५ किंवा वर असेल, तर दम्याचं निदान मान्य करतात. पण इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा, आणि गोंधळ होतो तो बरेचदा इथेच. तो ३५ चा आकडा निदानासाठी आहे. ‘या मुलाला दमा आहे का’ या प्रश्नाचं ते उत्तर. तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: निदान झालेल्या, औषध चालू असलेल्या, खेळत्या मुलाचा डोस वाढवायचा का? त्याचं उत्तर एकटा आकडा देत नाही.

याचं मोठं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. नाक.

नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलाचा फेनो दमा नसतानाही वर असू शकतो. नुसती ॲलर्जीची प्रकृती असली, म्हणजे धुळीतल्या किड्यांची किंवा परागकणांची चाचणी पॉझिटिव्ह असली, तरीही आकडा चढतो. नाक आणि फुप्फुसं एकाच वाटेची दोन टोकं आहेत, दोन्हीकडे अस्तर एकाच धाटणीचं. दमा असलेल्या बहुतेक मुलांना नाकाचाही त्रास असतो, आणि तरी आपल्याकडे नाक ‘सर्दी’ म्हणून सोडून दिलं जातं. ‘याची सर्दीची प्रकृतीच आहे’ हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते. मूल तळहाताने नाक वर घासतं, त्याने नाकावर आडवी घडी पडते. डोळ्यांखाली काळसर वर्तुळं येतात. आजी म्हणते, झोप झाली नसेल. खरंच झालेली नसते, कारण नाक बंद असतं.

शिवाय नाकाभोवतीच्या पोकळ्यांत हाच वायू फुप्फुसातल्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून चाचणी करायची पद्धत काटेकोर आहे. मूल आधी श्वास सोडून फुप्फुसं रिकामी करतं, मग यंत्राच्या तोंडातून पूर्ण श्वास आत घेतं आणि एका संथ, सारख्या गतीने बाहेर सोडतं. गती सेकंदाला ५० मिलिलिटर, यंत्रानुसार ६ किंवा १० सेकंद. यंत्र फुंकेला थोडा अडथळा करतं. त्या दाबाने टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाचा मार्ग बंद होतो आणि नाकातली हवा मिसळत नाही. स्पायरोमेट्रीत नाकाला चिमटा लावतात, फेनोत लावायचा नसतो, कारण चिमट्याने नाकात वायू साचतो. मुलाने गाल फुगवून मध्येच थांबत फुंकलं तर तो प्रयत्न धरत नाहीत.

आणखी काही गोष्टी तपासून पाहा. चाचणी सर्दी-खोकल्याच्या साथीत, ताप येऊन गेल्यावर लगेच झाली का? विषाणूच्या संसर्गाने आकडा चढतो. चाचणीच्या आधी पालक, बीट असं काही पोटभर खाल्लं होतं का? या भाज्यांतल्या नायट्रेटने आकडा वाढतो. तासभर आधी काही खाऊ-पिऊ नये, धावपळही नको. आणि दोन्ही चाचण्या एकाच दिवशी असतील तर फेनो आधी, स्पायरोमेट्री नंतर, कारण जोराने फुंकल्यावर आकडा काही वेळ खाली जातो. तुमच्या मुलाच्या बाबतीत क्रम उलटा झाला असेल तर खरा आकडा ४२ पेक्षाही जास्त असू शकतो. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग या चाचणीचा उपयोग काय, असं वाटेल. उपयोग मोठा आहे, मात्र तो प्रश्नावर अवलंबून. माझ्या हातात ती सर्वात जास्त कामी येते ती पंपातलं औषध खरंच छातीत जातंय का, हे ओळखायला. काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी आली. डोस भरपूर, तरी रात्री खोकला, आणि फेनो ६८. डोस आणखी वाढवायचं ठरत होतं. मी म्हटलं, पंप दाखवा. डोस मोजणारी खिडकी त्या पंपाला नव्हती. हिशेब केला: १२० डोसांचा पंप, दिवसाला चार दाब, म्हणजे महिन्यात संपायला हवा. हा तिसरा महिना होता. दाबल्यावर फुस्स आवाज येत होता म्हणून वडिलांना वाटलं, औषध आहे. आत औषध संपून नुसता वायू उरला होता. नवा पंप आणला, डोस तोच ठेवला, खोक्यावर पंप सुरू केल्याची तारीख पेनाने लिहायची सवय लावली. सहा आठवड्यांनी आकडा २९ आणि रात्रीचा खोकला गेलेला. त्या वडिलांनी एक दिवस औषध चुकवलं नव्हतं. चूक आमचीच होती, रिकामा पंपही आवाज करतो हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तुमच्या घरीही आज बघा. पंप वापरण्याआधी हलवता का? स्पेसरच्या तोंडाभोवती मुलाचे ओठ घट्ट बसतात का? एक दाब, मग चार-पाच संथ श्वास, मग दुसरा दाब, असं होतं का, की दोन दाब एकदम? स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. आणि नऊ वर्षांचा मुलगा ‘घेतला’ म्हणतो तेव्हा तुम्ही समोर असता का? शंका म्हणून विचारत नाही. या वयात पंपाची जबाबदारी मुलाची नसते, मोठ्यांची असते.

हे सगळं नीट असेल, तर पुढचा प्रश्न लक्षणांचा. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का, दम्याने एकदा तरी रात्री जाग आली का, तातडीचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, खेळताना थांबावं लागलं का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर दमा आज ताब्यात आहे. पण त्यासोबत हेही विचारा: गेल्या बारा महिन्यांत एकदा तरी तोंडावाटे स्टिरॉइड द्यावं लागलं का, रात्री धावत जाऊन नेब्युलायझर घ्यावा लागला का, दवाखान्यात भरती झाली का? यातलं एकही ‘हो’ असेल तर ४२ कडे मी वेगळ्या नजरेने बघेन. ॲलर्जीचा दमा, आधी मोठा झटका, आणि औषध चालू असून वर असलेला फेनो, असं मूल आज हसतखेळत असलं तरी पुढचा झटका येण्याची शक्यता त्याच्यात जास्त असते. तुमच्या डॉक्टरांनी कदाचित हाच विचार केला असेल. तुम्ही प्रश्नात मागच्या वर्षाबद्दल लिहिलेलं नाही. त्यांना नक्की विचारा.

नुसत्या आकड्यावर डोस ठरवण्याबद्दल अभ्यास झालेले आहेत, आणि त्यांचं उत्तर एकसुरी नाही. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र करून तपासतात) दिसलं की फेनो बघून उपचार केलेल्या गटात झटके येणाऱ्या मुलांची संख्या कमी होती, पण रोजच्या लक्षणांत फरक नव्हता. त्यानंतर ब्रिटनमध्ये ६ ते १५ वर्षांच्या ५०९ मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणांच्या जोडीला फेनो बघून झटके कमी झाले नाहीत. म्हणून मी फेनो सगळ्यांना दर भेटीत करत नाही. खर्चही होतो. निदान अडलेलं असेल, डोस वाढवूनही गुण येत नसेल, किंवा डोस कमी करायचा विचार असेल, तेव्हा करते.

डोस उगाच वाढवू नये याचं एक ठोस कारण आहे, पण ते सांगताना मला नेहमी धाकधूक असते, कारण ऐकून लोक पंपच बंद करतात. अमेरिका आणि कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या हजाराहून जास्त दमेकरी मुलांवर मोठा अभ्यास झाला. त्यात काही वर्षं दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. म्हणजे परिणाम आहे, पण लहान. तुमच्या मुलाचा सध्याचा डोस त्याच्या निम्मा आहे. ताब्यात नसलेला दमा, रात्रीची जागरणं आणि वर्षातून तीन-चारदा तोंडावाटे स्टिरॉइड, यांनी मुलाचं नुकसान याहून कितीतरी जास्त होतं. म्हणून गरज असेल तर डोस बिनधास्त वाढवायचा, नसेल तर वाढवायचा नाही, आणि तीन महिने सगळं छान असेल तर पुन्हा कमी करता येतो का ते बघायचं. ‘पंपाची सवय लागते’ हे खरं नाही. चष्मा काढला की दिसत नाही, याला आपण चष्म्याची सवय म्हणत नाही.

आता नाकाचं काय करायचं. मला वाटतं तुमच्या मुलात खरी अडलेली जागा हीच आहे. रोज चोंदणाऱ्या नाकाला लागू पडणारं पहिलं औषध म्हणजे स्टिरॉइडचा नाकाचा फवारा, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन. तो चोंदलं त्या दिवशी एकदा असा मारून उपयोग नाही. रोज मारावा लागतो आणि पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर कानाच्या दिशेला. नंतर जोरात ओढायचं नाही, ओढलं की औषध घशात जातं. रक्ताचा थेंब दिसला तर बहुतेक वेळा टोक पडद्याला लागत असतं. मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर फवारा अस्तरापर्यंत चांगला पोचतो. आपल्याकडे जलनेती करणारी घरं आहेत. हरकत नाही, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट कधीही नाही.

एका गोळीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण ती महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक ॲलर्जीच्या मुलाच्या चिठ्ठीवर दिसते: माँटेलुकास्ट, बरेचदा लेव्होसेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधासोबत. काही मुलांना तिचा उपयोग होतो. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. चिडचिड, भीतिदायक स्वप्नं, उदासी, क्वचित जिवाला धोका करून घेण्याचे विचार. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी इतर उपाय चालत नसतील तरच ती द्यावी, असं त्यांनी सांगितलं. तुमचा मुलगा ती घेत असेल आणि त्याचा स्वभाव बदललेला वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

घरात जे करता येईल तेही बघा, पण घर उलथंपालथं करू नका. कापसाच्या जुन्या गाद्या आणि वर्षातून एकदा धुतली जाणारी गोधडी हे धुळीतल्या किड्यांचं माहेर. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. पावसाळ्यात भिंतीला ओल आणि बुरशी असेल तर मुलाचा पलंग त्या भिंतीपासून हलवा. मच्छर अगरबत्ती बंद करून जाळी वापरा. उदबत्ती आणि धूप यांबद्दल आजी-आजोबांशी भांडू नका. देवघराची खिडकी उघडी आणि त्या वेळी मूल दुसऱ्या खोलीत, एवढ्याने खूप साधतं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर मात्र तडजोड नाही.

जिथे फेनोचं यंत्र नाही, त्या पालकांनी हळहळू नये. पीक फ्लो मीटर नावाची साधी प्लास्टिकची नळी कुठल्याही मोठ्या औषध दुकानात मिळते. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीनदा फुंकायचं, सर्वात मोठा आकडा वहीत लिहायचा. मूल चांगलं असतानाचा सर्वोत्तम आकडा ही त्याची स्वतःची फूटपट्टी. तो त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली घसरू लागला की डॉक्टरांशी बोला. मात्र बोलताना दम लागत असेल, बरगड्यांमधली जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तातडीच्या पंपाने आराम पडत नसेल, तर वही, मीटर सगळं राहू द्या आणि थेट दवाखाना गाठा. वाटेत स्पेसरमधून सालब्युटामॉल देत राहा.

तुमच्या मुलासाठी मी डॉक्टरांपुढे हे मांडलं असतं: मागच्या वर्षी मोठा झटका नसेल, तर सहा ते आठ आठवडे पंपाचा डोस आहे तोच, पण रोज तुमच्या डोळ्यांसमोर, आणि सोबत नाकाचा फवारा नियमित. मग त्याच यंत्रावर, सर्दी नसताना, फेनो पुन्हा. पन्नासच्या आतल्या आकड्यांत १० पेक्षा कमी फरक हा फरक धरत नाहीत. ४२ चा ३८ झाला तर काही बदललं नाही, ३० झाला तर सूज खरोखर उतरली. आकडा तसाच राहिला आणि मुलगा मस्त असला, तर बहुधा ती त्याची ॲलर्जीची प्रकृती बोलतेय. आकडा चढला किंवा रात्रीचा खोकला परत आला, तर डोस वाढवायला मीच सांगेन. झटका आलेला असेल तर आठ आठवडे थांबू नका, डॉक्टरांनी सांगितलेला डोस आजच सुरू करा.

पुढच्या वेळी चाचणीला जाण्याआधी त्याला घरी साबणाचे फुगे करायला द्या. मोठा फुगा हळू, सलग फुंकला तरच होतो. फेनोला नेमकी तीच फुंक लागते.